‘समाजस्वास्थ्य’ आणि ‘मॅरेज हायजीन’ : लैंगिकताविषयक दोन नियतकालिकांचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

मानवी लैंगिकतेचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या नियतकालिकांचा इतिहास सांगताना सामान्यतः बर्लिन, लंडन आणि न्यूयॉर्क या शहरांचा उल्लेख होतो. १९०८ साली मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी जर्मन भाषेत या विषयाला वाहिलेले पहिले शास्त्रीय नियतकालिक काढले. ते वर्षभरच टिकले. पुढे १९१४ पासून त्याच नावाने दुसरे नियतकालिक सुरू झाले आणि १९३२ मध्ये बंद पडले. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी हिर्शफेल्ड यांच्या बर्लिनमधील संस्थेची नासधूस केली व तिचे ग्रंथालय जाळले. त्यानंतर या विषयाची प्रमुख अमेरिकी शोधनियतकालिके उभी राहण्यास १९६५ आणि १९७१ ही वर्षे उजाडावी लागली. बर्लिनमधील आगीपासून अमेरिकेतील या उभारणीपर्यंतच्या तीस-पस्तीस वर्षांच्या मोठ्या भागात जगात ज्या थोड्या ठिकाणांहून हा विषय नियतकालिकाच्या रूपाने चालविला गेला, त्यांत मुंबई हे एक महत्त्वाचे ठिकाण होते, ही बाब मराठी अभ्यासकांच्याही फारशी स्मरणात नाही.

मुंबईतून त्या काळात अशी दोन नियतकालिके निघत होती. एक मराठी : प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७ ते १९५३). दुसरे इंग्रजी : डॉ. ए. पी. पिल्ले यांचे ‘मॅरेज हायजीन’ (१९३४ पासून), जे १९४८ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ झाले. दोन्हींचा विषय एकच, शहर एकच, काळही बराचसा एकच. तरीही दुसऱ्याला संशोधनपत्रिका म्हणून जगन्मान्यता मिळाली, तर पहिल्याच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आले. हा फरक केवळ योगायोगाचा नव्हता. ज्ञान कोणासाठी आणि कोणत्या भाषेत, या प्रश्नाच्या दोन वेगळ्या उत्तरांचा तो परिणाम होता, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची व्याप्ती

प्रस्तुत निबंधात दोन्ही नियतकालिकांची स्थापना, त्यांचे संपादकीय धोरण, वाचकवर्ग आणि कायद्याशी आलेला संबंध यांची तुलना केली आहे. कर्वे यांचे घडणीचे शहर आणि त्यांच्या कार्याचा वारसा पुढे चालविणारे शहर या दोन्ही नात्यांनी पुण्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. विवेचनासाठी प्रकाशित साहित्य, चरित्रग्रंथ आणि गेल्या दोन दशकांतील संशोधनाचा आधार घेतला आहे. या संदर्भात य. दि. फडके यांचे कर्वेचरित्र, अनंत देशमुख यांनी संपादित केलेले कर्वे यांचे समग्र साहित्य आणि श्रीकांत बोत्रे, डग्लस हेन्स व संजम अहलुवालिया या इतिहासकारांचे लेखन विशेष महत्त्वाचे ठरते.

पूर्वपीठिका

पश्चिम भारतात कामविषयक ग्रंथांचा शास्त्रीय परामर्श घेण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. १८८३ साली रिचर्ड बर्टन यांच्या नावाशी जोडला गेलेला कामसूत्राचा इंग्रजी अनुवाद प्रत्यक्षात भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे या मुंबईतील विद्वानांच्या श्रमांवर उभा होता. पुढे १८९१ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद यांनी ‘जयमंगला’ टीकेसह कामसूत्राची मूळ संहिता संपादित केली. हे दोन्ही उपक्रम मर्यादित वाचकांसाठी होते. पहिला इंग्रजी जाणणाऱ्या वर्गणीदारांसाठी, तर दुसरा संस्कृतज्ञांसाठी. या दोन भाषांच्या आडोशाला हा विषय सुरक्षित होता.

तोच विषय मराठीत आणला की काय होते, याचा अनुभव पुण्याला १९२३ मध्ये आला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या विवाहसंस्थेच्या इतिहासाचे प्रकरण पुण्याच्या ‘चित्रमयजगत्’ मासिकात प्रसिद्ध झाले. प्राचीन आर्यांच्या स्त्रीपुरुषसंबंधांची चर्चा त्यांनी वैदिक आणि महाभारतीय आधार देऊन केली होती. तरीही त्यावरून वादळ उठले. राजवाडे यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेणारे त्या काळी पुण्यात क्वचितच सापडले असते. परंतु साधार असले तरी असे लेखन मासिकात, सर्वांच्या हाती पडेल असे छापावे काय, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. चार वर्षांनी सुरू झालेल्या ‘समाजस्वास्थ्या’ला सामोरे जावे लागले तो आक्षेपही मूलतः हाच होता.

रघुनाथ कर्वे : पुण्यातील जडणघडण

रघुनाथ कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. १८९१ साली मातोश्री राधाबाईंचे निधन झाले आणि त्याच वर्षी वडील फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून पुण्यास आले. रघुनाथांचे शिक्षण न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे झाले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. वडिलांप्रमाणेच त्यांनीही गणित हा विषय निवडला आणि त्याच्या उच्च शिक्षणासाठी ते फ्रान्सलाही जाऊन आले.

या जडणघडणीतील दोन गोष्टींचा त्यांच्या पुढील कार्याशी निकटचा संबंध आहे. पहिली म्हणजे सुधारणेचा घरातील वारसा. १८९३ मध्ये वडिलांनी केलेल्या पुनर्विवाहामुळे कुटुंबाला सोसावा लागलेला बहिष्कार मुलाने अल्पवयात पाहिला होता. दुसरी म्हणजे गणिताची शिस्त. एखादे विधान रूढ आहे, पूज्य व्यक्तीने केले आहे किंवा बहुसंख्यांना मान्य आहे एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही, हा गणितातील प्राथमिक नियम त्यांनी नीतिविषयक विधानांना लावला. फ्रेंच भाषेवरील प्रभुत्वामुळे इंग्रजीत न येणारे युरोपीय साहित्यही त्यांना थेट उपलब्ध झाले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील प्रसिद्ध केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. हा प्रचार आणि ही नोकरी एकत्र चालणार नाही अशी स्थिती निर्माण झाली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. या खडतर वाटचालीत पत्नी मालतीबाई यांची त्यांना खंबीर साथ होती.

‘समाजस्वास्थ्य’ : स्वरूप आणि धोरण

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरले होते आणि बालविवाहाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. ना. सी. फडके यांचे लैंगिक प्रश्नाविषयीचे इंग्रजी पुस्तकही मार्गारेट सँगर यांच्या प्रस्तावनेसह त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यामुळे विषय वातावरणात होता, असे म्हणता येईल. परंतु विवाहाचे वय किंवा लोकसंख्या या मार्गाने विषयाला स्पर्श करणे वेगळे आणि स्त्रीपुरुषांच्या कामसुखाला स्वतंत्र मूल्य आहे असे उघड प्रतिपादन करणे वेगळे. कर्वे यांनी दुसरा मार्ग निवडला.

मासिकात लेख, परदेशी संशोधनाचे सार, पुस्तकपरीक्षणे, संपादकाची स्फुटे, ‘शारदेची पत्रे’ हे स्त्रीच्या नावाने कर्वे यांनीच लिहिलेले सदर आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे असा मजकूर असे. हॅवलॉक एलिस आणि हिर्शफेल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांचे निष्कर्ष यातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापण्याची प्रथा कर्वे यांनी जाणीवपूर्वक ठेवली होती. नग्नता आणि अश्लीलता या एक गोष्टी नव्हेत, हा त्यामागील युक्तिवाद होता. लेखन, संपादन आणि व्यवस्था यांचा बहुतेक भार ते एकटेच वाहत असत.

मासिकाच्या भाषेचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. त्या काळच्या मराठीत या विषयासाठी दोनच शब्दसंग्रह सहज उपलब्ध होते. एक संस्कृतप्रचुर, ज्याचा अर्थ सामान्य वाचकास पुरता लागत नसे. दुसरा शिव्यांचा, जो सभ्य लेखनात वर्ज्य होता. या दोहोंच्या मधली, शरीराच्या अवयवांविषयी आणि क्रियांविषयी पोटदुखीविषयी बोलावे तितक्याच सरळपणे बोलणारी भाषा कर्वे यांना घडवावी लागली. एखाद्या ज्ञानशाखेला मातृभाषेत आणणे म्हणजे केवळ परिभाषा तयार करणे नव्हे, तर त्या विषयावर लाजेवाचून बोलता येईल असा स्वर तयार करणे होय. ‘समाजस्वास्थ्या’ने हे काम केले.

वाचकांचे प्रश्न : एक दुर्लक्षित दप्तर

संशोधनाच्या दृष्टीने या मासिकाचा सर्वांत मौलिक भाग म्हणजे वाचकांचा पत्रव्यवहार. बोत्रे आणि हेन्स यांनी या पत्रव्यवहाराचा विस्तृत अभ्यास केला आहे. पत्रे लिहिणारे बहुतांशी मध्यमवर्गीय पुरुष होते. हस्तमैथुन, वीर्यनाश, त्यातून येणारा कल्पित अशक्तपणा, वैवाहिक जीवनातील असमाधान आणि गर्भधारणेची भीती असे त्यांच्या प्रश्नांचे विषय असत.

ब्रह्मचर्य म्हणजे शक्तिसंचय आणि वीर्यनाश म्हणजे मृत्यू, ही शिकवण त्या पिढीला तालमीत, शाळेत आणि राष्ट्रीय चळवळीच्या व्यासपीठावरून सतत मिळत होती. डिसेंबर १९३५ मध्ये वर्धा येथे झालेल्या मार्गारेट सँगर आणि महात्मा गांधी यांच्या भेटीतही गांधीजींनी कृत्रिम साधनांऐवजी संयमाचाच आग्रह धरला होता. अशा वातावरणात, आपल्या हातून काही भयंकर पाप घडले आहे अशा धास्तीने जगणाऱ्या तरुणाला कर्वे यांचे उत्तर थोडक्यात असे असे : जे घडले ते नैसर्गिक आहे, त्याने शरीराची हानी होत नाही, हानी होते ती भीतीने. समलिंगी आकर्षणाविषयीही त्यांची भूमिका त्या काळाच्या मानाने उदार होती. त्यात गुन्हा पाहण्याचे कारण नाही, असे ते मानत.

हा पत्रव्यवहार संशोधनसाहित्य म्हणून वाचताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पत्रे छापण्यापूर्वी त्यांची निवड झालेली असे. लेखकांत स्त्रिया अल्प होत्या आणि साक्षर मध्यमवर्गाबाहेरचा समाज जवळजवळ अनुपस्थित होता. तरीही त्या काळच्या मराठी माणसाच्या लैंगिक चिंतांचे, त्याच्याच शब्दांतील, पंचवीसहून अधिक वर्षे सलग चाललेले असे दुसरे दप्तर सहजी सापडणार नाही. प्रश्नावली घेऊन घरोघर जाणारा संशोधक उत्तरे मिळवतो. येथे माहिती देणाराच आपला प्रश्न घेऊन आला होता. पहिल्या पद्धतीत काय विचारावे हे संशोधक ठरवतो, तर दुसऱ्या पद्धतीत ते दुःख भोगणारा ठरवतो. या दृष्टीने पाहता ‘समाजस्वास्थ्य’ हे केवळ प्रचारपत्र होते असे म्हणणे अपुरे ठरते.

खटले

‘समाजस्वास्थ्या’वर पहिला महत्त्वाचा खटला १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून झाला. त्यात कर्वे यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मधील दुसरा खटला आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक सूचक आहे. कारण या वेळी आक्षेपाचा रोख होता तो वाचकांच्या प्रश्नांवर आणि त्यांना दिलेल्या उत्तरांवर. कर्वे यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता की, लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. आणि वाचकांचे प्रश्न विकृत वाटत असतील, तरी ती विकृती नाहीशी करण्याचा उपाय ज्ञान हाच आहे. हा युक्तिवाद मान्य झाला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

डॉ. आंबेडकरांचा या प्रश्नातील रस त्या एका वकीलपत्रापुरता नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयीविषयीचा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी मांडला, तेव्हाचे भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. स्त्रीच्या आरोग्याचा आणि दारिद्र्याचा प्रश्न म्हणून त्यात या विषयाची मांडणी होती. ठराव फेटाळला गेला.

‘मॅरेज हायजीन’ आणि त्याचे रूपांतर

डॉ. ए. पी. पिल्ले हे व्यवसायाने वैद्यक. सोलापूर येथील सुप्रजाशास्त्रविषयक शिक्षण देणाऱ्या संस्थेशी त्यांचा संबंध होता. ऑगस्ट १९३४ मध्ये, म्हणजे कर्वे यांना दुसऱ्यांदा दंड झाला त्याच वर्षी आणि त्याच शहरात, त्यांनी ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्याला आरंभापासून आंतरराष्ट्रीय स्वरूप होते. गर्भनिरोधाच्या वैद्यकीय इतिहासाचे लेखक नॉर्मन हाइम्स हे त्याचे अमेरिकेतील संपादक होते. पहिली मालिका १९३७ पर्यंत चालली. दहा वर्षांच्या खंडानंतर १९४७ मध्ये दुसरी मालिका सुरू झाली आणि १९४८ मध्ये त्याचे नाव ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ असे झाले. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चालू होते.

या नियतकालिकाचे शास्त्रीय महत्त्व दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. १९५० साली अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा स्त्रीच्या कामतृप्तीतील मूत्रमार्गाच्या भूमिकेविषयीचा लेख त्यात प्रसिद्ध झाला. तीस वर्षांनंतर ज्या संकल्पनेला ग्रेफेनबर्ग यांच्या नावावरून ‘जी-स्पॉट’ हे नाव मिळाले, तिचा उगम या मुंबईतील लेखात आहे. १९५३ मध्ये हॅरी बेंजामिन यांचा वेशांतर आणि लिंगांतर या दोन अवस्थांतील भेद दाखविणारा लेखही त्यातच छापला गेला. लिंगभाव आणि शरीर यांच्या विसंगतीच्या आधुनिक वैद्यकीय चर्चेत या लेखाचे स्थान मूलभूत मानले जाते. आज जगभर उद्धृत होणारे हे दोन लेख मुंबईच्या नियतकालिकात आले, ही गोष्ट ज्ञानाचा प्रवास नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच होतो या समजुतीला छेद देते.

दोन वाचक, दोन न्याय

पिल्ले यांच्या नियतकालिकालाही कायद्याचा अडसर आला, पण तो अमेरिकेत. मुंबईहून हाइम्स यांच्या नावे पाठविलेले अंक अमेरिकी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडविले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९३८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हाइम्स यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याचे सूत्र असे की, गर्भनिरोधाची माहिती असलेले साहित्य अर्हताप्राप्त अभ्यासकाच्या वा वैद्यकाच्या हाती जात असेल तर ते बेकायदेशीर ठरत नाही.

हे सूत्र त्यापूर्वीही व्यवहारात होतेच. हॅवलॉक एलिस यांच्या ग्रंथमालेतील एका खंडाच्या विक्रीवरून १८९८ मध्ये लंडनमध्ये खटला झाला. त्यानंतर ही माला अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि दीर्घकाळ तिची विक्री वैद्यक व्यावसायिकांपुरती मर्यादित ठेवण्यात आली. याचा अर्थ असा की, मजकूर तोच असला तरी त्याची अश्लीलता वाचकावरून ठरत होती. तज्ज्ञाच्या टेबलावर ते शास्त्र, तर कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या हाती तेच अनीतिकारक.

या प्रकाशात ‘समाजस्वास्थ्या’चा अपराध स्पष्ट होतो. कर्वे यांनी तज्ज्ञांची मध्यस्थी गाळून ज्ञान थेट मराठी वाचकाच्या हाती दिले, आणि त्याहून पुढे जाऊन त्या वाचकाच्या प्रश्नालाच अभ्यासाचा विषय केले. १९३४ च्या खटल्यात आक्षेप घेतला गेला तो याच देवाणघेवाणीवर. इंग्रजी भाषा, वैद्यकाची पदवी आणि परदेशी संपादकांची नावे या तीन कवचांमुळे पिल्ले यांचे कार्य सुरक्षित राहिले. कर्वे यांच्याजवळ यांपैकी एकही कवच नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि मराठीत लिहीत होते.

तथापि, ही तुलना एकतर्फी होऊ देणे योग्य नाही. इंग्रजीमुळेच पिल्ले यांना ग्रेफेनबर्ग व बेंजामिन यांसारखे लेखक मिळाले आणि तज्ज्ञांमधील परस्पर टीकेची सोय झाली. ‘समाजस्वास्थ्या’त एकाच व्यक्तीच्या मतांचे वर्चस्व होते, लेखकही तीच, संपादकही तीच आणि निर्णय देणारीही तीच. आजच्या अर्थाने समकक्ष परीक्षण तेथे शक्य नव्हते. दुसरी मर्यादा सुप्रजाशास्त्राची. त्या काळातील संततिनियमनाच्या चळवळीत ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ मातापिता असा भेद करणारा विचार खोलवर रुजला होता. पिल्ले यांच्या कार्यात तो उघड होता. फडके यांच्या मांडणीतही तो दिसतो. व्यक्तीच्या सुखाचा आग्रह केंद्रस्थानी असल्याने कर्वे यांचा भर वेगळा होता. परंतु विज्ञानाच्या निष्कर्षांवरील त्या पिढीचा गाढ विश्वास त्यांच्यातही होता आणि तो आज आपल्याला जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही.

१९५३ नंतर : सुखाकडून संख्येकडे

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथ कर्वे यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ चा अंक हा ‘समाजस्वास्थ्या’चा अखेरचा अंक ठरला. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्युमानाची पाहणी प्रसिद्ध झाली. भारताच्या लोकसंख्याशास्त्रात या पाहणीचे स्थान मोठे आहे. कुमुदिनी दांडेकर यांनी पुढे महाराष्ट्रातील पुरुष नसबंदी शिबिरांचाही अभ्यास केला.

या दोन घटना एकाच वर्षी घडल्या, यातून एक स्थित्यंतर सूचित होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा समावेश झाल्यानंतर शयनगृहातील प्रश्न हा राष्ट्रीय नियोजनाचा प्रश्न बनला. किती मुले, किती अंतराने, किती शस्त्रक्रिया, हे मोजले जाऊ लागले. ज्या संततिनियमनासाठी कर्वे यांनी नोकरी गमावली, त्याचा प्रचार आता सरकारच करू लागले. मात्र त्यांच्या मासिकाचा जो गाभा होता, म्हणजे भय, अज्ञान, इच्छा आणि सुख यांविषयीचा व्यक्तीचा प्रश्न, तो या मोजणीत बसणारा नव्हता. विजय झाला तो कर्वे यांच्या साधनांचा. त्यांचे साध्य बाजूला राहिले.

पुण्यात हा धागा व्यक्तिगत पातळीवर जपणाऱ्यांत शकुंतला परांजपे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या या कन्येने कर्वे यांच्या कार्यापासून प्रेरणा घेऊन पुण्यात दीर्घकाळ संततिनियमनाचा सल्ला देण्याचे काम केले. पुढे विधान परिषदेत आणि १९६४ पासून राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत त्यांनी हा विषय नेला. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. कर्वे यांच्या हयातीत जे काम लज्जास्पद मानले जात होते, त्याच कामाचा राष्ट्रीय सन्मान व्हावा, हा काळाचा फरक होय.

कायद्यातही बदल झाला. १९६९ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये विज्ञान, साहित्य, कला आणि विद्या यांच्या हितार्थ केलेल्या प्रकाशनाला अपवाद मिळाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही तो कायम आहे. हा अपवाद १९३४ मध्ये असता तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. परंतु सामाजिक मानस कायद्याच्या गतीने बदलत नाही. १९९० च्या दशकात एड्सच्या साथीने हा विषय पुन्हा उघड चर्चेत आणला. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तरीही २००७ मध्ये महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली. आक्षेप पुन्हा तोच होता : ज्ञान असावे, पण ते या वाचकाच्या, म्हणजे मुलांच्या हाती नसावे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९३३ नंतरच्या काळात लैंगिकतेच्या शास्त्रीय चर्चेचे एक जागतिक केंद्र मुंबईत होते आणि त्याचे मराठी अंग इंग्रजी अंगापेक्षा सात वर्षांनी जुने होते.

२. ‘समाजस्वास्थ्य’ आणि ‘मॅरेज हायजीन’ यांच्या प्रतिष्ठेतील तफावत ही प्रामुख्याने भाषा आणि वाचकवर्ग यांमुळे निर्माण झाली. केवळ मजकुराच्या गुणवत्तेवरून ती स्पष्ट होत नाही.

३. ‘समाजस्वास्थ्या’तील वाचकांचा पत्रव्यवहार हे मराठी समाजाच्या भावजीवनाच्या इतिहासाचे अस्सल साधन असून त्याचा मराठीतून पद्धतशीर अभ्यास होणे आवश्यक आहे. आज या दप्तरावरील प्रमुख संशोधन इंग्रजीत झाले आहे, ही बाब आत्मपरीक्षण करायला लावणारी आहे.

४. लोकसंख्येच्या प्रश्नाने लैंगिकतेच्या प्रश्नाची जागा घेतल्यामुळे १९५३ नंतर कर्वे यांच्या कार्याचा अर्धाच भाग पुढे नेला गेला.

कर्वे यांचे स्मरण अलीकडे वाढले आहे. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट, अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आणि समग्र साहित्याचे प्रकाशन यांमुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले. परंतु द्रष्टा म्हणून त्यांचा गौरव करणे सोपे आहे. त्यांच्या मासिकाने विचारलेला प्रश्न त्याहून अवघड आहे. एखाद्या ज्ञानावर ज्याचे जीवन अवलंबून आहे, त्याला ते ज्ञान त्याच्या भाषेत मिळण्याचा अधिकार आहे की नाही? विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून निघणाऱ्या आजच्या शोधपत्रिकांनीही आपला वाचक कोण, हे ठरविताना या प्रश्नाला सामोरे जाणे अगत्याचे आहे.